नाकाने खरं सांगितलं होतं

तोंडाला साबण लावून तिने डोळे मिटले आणि बेसिन जागेवरून सरकलं. निदान तिला तसं वाटलं. आधारासाठी पुढे केलेला हात नळाऐवजी आरशावर पडला, खांदा भिंतीवर आदळला आणि डोळ्यांत साबण घेऊनच ती न्हाणीघराच्या फरशीवर बसली.

"काय पडलं?" बाहेरून नवऱ्याने विचारलं.

"मी," ती म्हणाली. मग घाईघाईने, "साबण. साबणावरून पाय घसरला."

साबण साबणदाणीत होता. तिने तो उचलून फरशीवर टाकला, म्हणजे नवरा आत आलाच तर खोटं पडायला नको. मग स्वतःचीच लाज वाटून तो परत उचलला. महिन्याभरात हे तिसऱ्यांदा झालं होतं. डोळे उघडे असले की सगळं ठीक. मिटले की पाय कुठे आहेत तेच कळेनासं व्हायचं, जणू गुडघ्याखाली कोणी दुसराच माणूस उभा आहे.

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं, कारण ती दोन मिनिटं एका जागी बसली तर हिला ताप तर नाही ना, अशी शंका यायची. आता वय चौतीस, पदरात नऊ वर्षांची लेक, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. सासूही तेच म्हणायची.

भिंगरी सूर्यफुलाचं तेल गाळणाऱ्या कारखान्यात तेल तपासायची. काचेच्या छोट्या वाटीत तेल किंचित कोमट करायचं, झाकण उचलायचं आणि नाक जवळ न्यायचं. ताजं तेल जवळजवळ काहीच बोलत नाही. खवटपणाची सुरुवात झाली असेल तर आधी कच्च्या शेंगेसारखा, मग जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो. यंत्रं होतीच, पण यंत्राने आकडा देण्याआधी भिंगरीचं नाक निकाल देऊन मोकळं व्हायचं. टँकर आला की पर्यवेक्षक म्हणायचा, "आधी नाकाला विचारा."

त्या दिवशी ती उभट काचेच्या नळीतून थेंब थेंब रसायन तेलाच्या नमुन्यात सोडत होती. रंग नाहीसा होईल त्या क्षणी तोटी बंद करायची, एवढंच काम. बारा वर्षांत हजारो वेळा केलेलं. हात थरथरला, चार थेंब जास्त गेले. तिने नमुना ओतून दिला, दुसरा घेतला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी काचेची सुरईच हातातून निसटली आणि फुटली.

पर्यवेक्षक दारातून हसत म्हणाला, "काय हो, सकाळी सकाळीच घेऊन आलात की काय?"

त्याच्या मनात काही नव्हतं. कारखान्यात कोणाचाही हात हलला की हाच विनोद व्हायचा. पण भिंगरी काचा गोळा करायला खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. हाच आरोप तिने आधी ऐकला होता. दुसऱ्या कोणाबद्दल तरी. आणि त्यावर विश्वासही ठेवला होता.

तिचा दादा पाट्या रंगवायचा. दुकानांवरच्या, शाळांवरच्या, दवाखान्यांवरच्या मोठमोठ्या पाट्या. शिडीवर चढून, पट्टी न लावता तो अक्षराची उभी रेघ अशी ओढायचा की खालून बघणाऱ्याला वाटावं, छापलीच आहे. मग कधीतरी त्या रेघा वाकड्या होऊ लागल्या. तो चालताना पाय फाकवून चालू लागला. एकदा एका औषधाच्या दुकानासमोर भरदुपारी शिडीवरून खाली आला. मनगट मोडलं. ज्याच्या कारखान्यात तो पाट्या करायचा त्या मालकाने चारचौघांत सांगितलं, "पिऊन चढतो. मला माणूस मेलेला नकोय." आणि काढून टाकलं.

दादा प्लॅस्टर घातलेला हात घेऊन भिंगरीकडे आला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून म्हणाला, "मी प्यायलो नव्हतो गं. शपथेवर सांगतो."

"तोंड उघड," ती म्हणाली होती.

त्याने लहान मुलासारखं तोंड उघडलं. तिने वास घेतला. टर्पेंटाइन, चहा, आणि दिवसभर उपाशी असलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तो वास. बस. टँकरभर तेलात एक खराब डबा ओतलेला ज्या नाकाला कळतो, त्या नाकाने स्वच्छ सांगितलं की या माणसाने दारू घेतलेली नाही.

आणि तरी ती म्हणाली, "दादा, सोड ती सवय. माझ्या लेकीसमोर अशा अवस्थेत येत जाऊ नकोस."

का म्हणाली, याचं उत्तर ती पुढे कित्येक महिने शोधत होती. सगळी गल्ली तेच म्हणत होती म्हणून? की दारू असेल तर ती सोडता तरी येते, आणि दारू नसेल तर मग हे काय आहे, याची भीती वाटली म्हणून? दादा उठला. जाताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. बघा, असं तिला तेव्हा वाटलं होतं. त्याला सहा वर्षं झाली. आईवडील आधीच गेलेले, त्यामुळे दोघांमधला निरोप्याही उरला नव्हता. तो दोन तासांच्या अंतरावरच्या एका गावात राहतो, एवढंच तिला माहीत होतं.

नवऱ्याला साबणाची गोष्ट पटली नव्हती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला बिघाडाचा, हे ओळखणं त्याचं रोजचं काम. चौथ्यांदा ती पडली ती जिन्यात, दिवा गेल्यावर. तेव्हा त्याने वाद न घालता रजा टाकली आणि तिला नसांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. त्याने छोट्या हातोडीने तिच्या गुडघ्यांवर ठोकलं. पाय हलला नाही. दुसरा ठोकला. तोही नाही. मग लोखंडी चिमट्यासारखं एक यंत्र झणझणवून तिच्या कपाळावर टेकवलं.

"जाणवतंय?"

"हो. गुणगुणतंय."

तेच त्याने पायाच्या अंगठ्यावर टेकवलं. "आता?"

"लावलंत का?"

डॉक्टरने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने यंत्राकडे. यंत्र झणझणत होतं.

"डोळे मिटून उभ्या राहा. मी आहे मागे." ती उभी राहिली आणि सरळ त्याच्या हातात कलंडली.

"घरात आणखी कोणाला असं काही? आई, वडील, भाऊ, बहीण?"

"नाही," भिंगरी म्हणाली. शब्द तोंडातून निघून गेला आणि मग तिला कळलं की तो तिचा होता. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला.

डॉक्टरने सांगितलं ते थोडक्यात असं: हे मज्जातंतूंचं दुखणं आहे, बहुधा आनुवंशिक. या जातीच्या बऱ्याच आजारांवर इलाज नाही. हळूहळू चाल जाते, हात जातो, बोलणं जड होतं. "पण यातला एक दुर्मिळ प्रकार असा आहे, ज्यावर औषध आहे. तो असेल आणि आपण बघितलाच नाही, असं व्हायला नको. तुमच्या रक्तातलं ई जीवनसत्त्व मोजू."

भिंगरीला हसू आलं. "डॉक्टर, मी दिवसभर सूर्यफुलाच्या तेलात बुडालेली असते. त्यात दुसरं आहे काय? तेल खवट होऊ नये म्हणून जे असतं ते तेच. कमी पडलं तर आम्ही वरून घालतो."

"म्हणूनच मोजू," तो म्हणाला.

निकालाला बारा दिवस लागणार होते.

त्या बारा दिवसांत तिने घरातली सगळी कपाटं दोनदा आवरली. भांडी घासून झाली की पुन्हा घासायची. फरशीच्या जोडावरून पाऊल पाऊल टाकत स्वयंपाकघरापासून दारापर्यंत जायची, किती वेळा तोल जातो ते मोजायची, आणि आकडा आवडला नाही की पुन्हा सुरुवात करायची. लेकीला वाटलं खेळ आहे; तीही मागे मागे चालू लागली, दोन्ही हात पसरून. एकदा लेक खोटं खोटं अडखळली तेव्हा भिंगरी अशी ओरडली की पोरगी रडायलाच लागली. मग लेकीला जवळ घेऊन तिने तिच्या गुडघ्यावर हळूच बोटाने टकटक केलं. पाय उडाला. पुन्हा टकटक. पुन्हा उडाला. भिंगरीने त्या दिवशी ते इतक्या वेळा केलं की लेक म्हणाली, "आई, पुरे ना, दुखतंय आता."

"बस जरा," नवरा म्हणायचा.

"बसलेच आहे."

"उभी आहेस तू."

आणि या सगळ्याच्या मागे, दाढेत अडकलेल्या तुसासारखा, दादा. दादाचा पाय फाकवून चालणं. दादाच्या वाकड्या रेघा. ती मनात म्हणायची, ते वेगळं. मग म्हणायची, काय वेगळं? मग उठायची आणि कपाट उघडायची.

तेराव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. या, असं सांगितलं. फोनवर सांगत नाहीत म्हणजे वाईटच, असं धरून ती वाटभर पर्सची चेन उघडत-लावत राहिली.

डॉक्टरने कागद समोर सरकवला. "नगण्य," तो म्हणाला. "जवळजवळ नाहीच. खात्रीसाठी आणखी एक तपासणी पाठवतोय, जनुकांची. पण मी थांबणार नाही. औषध आजपासून."

"औषध म्हणजे?"

"ई जीवनसत्त्व. भरपूर. रोज, जेवणासोबत, जन्मभर."

नवरा खुर्चीच्या टोकाशी आला. "एवढंच? मग मी तिला बदाम खाऊ घालतो. किलोने घालतो."

"घाला," डॉक्टर हसला. "बदाम, सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, पालक, गव्हाच्या अंकुराचं तेल. सगळ्यांत आहे आणि सगळं चांगलं आहे. तुमच्या आमच्यासारख्यांना तेवढ्यावर भागतं, गोळीची गरजच नसते. पण यांचं तसं नाही." तो भिंगरीकडे वळला. "तुम्हाला समजेल. तेल खवट कधी होतं?"

"हवा लागली की. चरबी हवेशी जळते, हळूहळू. ई असलं की ते आधी स्वतः जळतं, तेलाला वाचवतं."

"शरीरात तेच. नसांभोवती चरबीचं वेष्टण असतं, पेशींच्या भिंती चरबीच्या असतात. त्यांची राखण ई जीवनसत्त्व करतं. रोगाशी लढायच्या ताकदीत, डोळ्यांत, रक्त वाहतं ठेवण्यात, सगळीकडे त्याचा थोडा थोडा हात असतो. तुम्ही खाल्लेलं पोटात जातं, यकृतापर्यंत पोचतं. तिथून ते रक्तात चढवून पुढे पाठवणारं एक प्रथिन असतं. तुमच्या यकृतात ते प्रथिन कामच करत नाही. म्हणजे कसं, माल गोदामात उतरतोय पण गाडीत भरणारा माणूसच नाही. मग उतरलेला माल तसाच बाहेर फेकला जातो. आपण इतका माल पाठवायचा की थोडा तरी आपसूक पुढे सांडेल."

"आणि माझ्या नसा…" तिने वाक्य सोडून दिलं. तिच्या नाकात तो जुन्या रंगाच्या डब्याचा वास आला, नसलेला.

"बिघाड थांबेल. बहुतेकांचा थांबतो. गेलेलं थोडंफार परतही येतं. लवकर सुरू केलं तर जास्त, उशीर झाला तर कमी." डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "म्हणूनच पुन्हा विचारतो. हा दोष आईवडील दोघांकडून येतो. त्यांना स्वतःला काही होत नाही. पण सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला असण्याची शक्यता चारात एक. कोणी आहे?"

खोलीतला पंखा फिरत होता. नवरा या वेळी खिडकीकडे बघत नव्हता.

"एक भाऊ आहे," भिंगरी म्हणाली.

घरी आल्यावर नवऱ्याने खरंच सूर्यफुलाच्या बियांची आणि बदामांची एवढाली पाकिटं आणली. सासू टेबलाशी बसून बिया सोलू लागली. गोळ्यांची बाटली तिने उजेडात धरून पाहिली. आतल्या पिवळ्या गोळ्या तेलाच्या थेंबांसारख्या चमकत होत्या.

"याने म्हणे कातडी तुकतुकीत होते. केसही वाढतात. एक घेऊ का गं मी?"

"आई, मुळीच नाही. तुम्हाला हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी आहे. वर ही घेतलीत तर नाकातून रक्त यायचं, थांबायचं नाही. डॉक्टरांनी मुद्दाम बजावलंय."

"या वयात तुकतुकीत होऊन तरी कोणाला दाखवायचंय," म्हणत सासूने बाटली ठेवली आणि बियांची मूठ तोंडात टाकली. "या तरी चालतात ना?"

"खा हव्या तेवढ्या."

भिंगरीने पहिली गोळी जेवणाबरोबर घेतली, आणि जेवण अर्धं टाकून उठली. दादाचा पत्ता तिला एका जुन्या शेजाऱ्याकडून मिळाला. नवरा म्हणाला, रविवारी जाऊ, मी येतो. तिला रविवारपर्यंत धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती एकटीच निघाली, पूर्ण रस्ता पुढच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरून.

सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली होती. दार उघडंच होतं. दाराशी ॲल्युमिनियमचा चौपायी आधार उभा, आत टेबलावर जाड पुठ्ठे आणि कातर. दादा खुर्चीत बसून पुठ्ठ्यातून अक्षरं कापत होता. खोक्यांवर रंग फवारायला लागतात तसली. केस पांढरे झाले होते. मान बारीक बारीक हलत होती, जणू सतत कोणाला तरी नाही नाही म्हणत होती.

त्याने वर पाहिलं. "कोण मेलं?" तो म्हणाला.

जीभ जड होती. शब्द एकमेकांना चिकटून आले. आणि सगळं माहीत असून, दवाखान्याचा कागद पर्समध्ये असून, भिंगरीच्या मनात पहिला विचार तोच आला: प्यायलाय. तिला स्वतःचीच किळस आली.

"कोणी नाही. मी आलेय."

"ते दिसतंय. बस, नाही तर उभी राहा. तुला काय आवडतं ते कर."

तिने कागद काढला. भडाभडा सांगायला लागली: बेसिन, सुरई, डॉक्टर, यकृत, गोदाम, गोळ्या. सांगताना खोलीत फेऱ्या मारत होती, टेबल धरून, भिंत धरून. दादा कातर चालवत राहिला. ती थांबली तेव्हा त्याने कापलेलं अक्षर उचलून उजेडात पाहिलं. कडा दातेरी होती.

"छान," तो म्हणाला. "तुला औषध मिळालं. घे."

"तू पण तपासून घे. माझ्याबरोबर चल. आत्ता."

"कशाला? मला काय झालंय हे सगळ्यांना माहिताय. मला दारू झालीय."

"दादा…"

"तू वास घेतला होतास." त्याने कातर ठेवली. ठेवताना ती टेबलावर दोनदा वाजली. "मी तोंड उघडलं होतं. म्हटलं, मालक खोटं बोलेल, शेजारी खोटं बोलतील, पण हिचं नाक खोटं बोलत नाही. आला होता वास?"

"नाही."

"मोठ्याने सांग."

"नाही आला! टर्पेंटाइनचा आला. चहाचा आला. दारूचा नाही आला. मला तेव्हाही माहीत होतं."

खोलीत सायकलच्या दुकानातल्या हवा भरायच्या पंपाची फुसफुस ऐकू येत होती. दादाची मान हलत होती.

"मला वाटलं होतं," तो हळू म्हणाला, "की निदान तुझं नाक तरी चुकलं असेल. सर्दीबिर्दी झाली असेल. सहा वर्षं मी तुला तेवढी सूट देत होतो."

माफ कर म्हणायला ती आली होती, पण तो शब्द एवढासा वाटला की तोंडातून काढवेना. त्याऐवजी ती खोलीच्या मधोमध गेली, टेबल सोडलं, भिंत सोडली, पाय जुळवले.

"काय करतेस?"

"बघ," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

एक क्षण ठीक गेला. मग फरशी तिरकी झाली. डावीकडे की उजवीकडे, तिला कळलं नाही. "अगं, डोळे उघड! भिंगरे, डोळे उघड!" असा ओरडा ऐकू आला, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि दोन हातांनी तिला दंडाला पकडलं. पण ज्याचे ते हात होते त्याचेच पाय त्याला पेलत नव्हते. दोघंही एकमेकांना धरून पुठ्ठ्यांवर कोसळले. अक्षरं खोलीभर उडाली.

सायकलवाला धावत आला. "काय झालं? लागलं का?"

"काही नाही," दादा जमिनीवरूनच म्हणाला. "माझी बहीण आलीय."

सायकलवाला गोंधळून परत गेला. दादाचं कोपर खरचटलं होतं, तिच्या हनुवटीला लागलं होतं. तो तिच्या पायांकडे बघत होता. साध्या चपलेतले, फाकलेले, कशाचाच भरवसा नसलेले पाय.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"आठ महिने. कदाचित जास्त."

"माझं पण असंच सुरू झालं. तोंड धुताना."

मग तो रडला. आवाज न करता, मान हलत असताना. ती शेजारी बसून राहिली, पहिल्यांदा बराच वेळ एका जागी. "उठवणार कोण आता?" शेवटी तो म्हणाला. सायकलवाल्यालाच हाक मारावी लागली.

दादाच्या रक्तातही ई जीवनसत्त्व सापडलं नाही. नंतर आलेल्या जनुकांच्या अहवालात दोघांचा दोष एकच निघाला. लेकीचं रक्त तपासलं तर तिचं प्रमाण व्यवस्थित होतं. तो कागद हातात येईपर्यंतचे नऊ दिवस भिंगरीने कसे काढले, ते नवऱ्यालाच ठाऊक. तिने कारखान्यातल्या भांड्यांच्या फडताळाला रंगसुद्धा देऊन टाकला.

चार महिन्यांत तिचा हात बराच स्थिर झाला. थेंब पुन्हा मोजून पडू लागले. डोळे मिटून तोंड धुताना ती अजून एका हाताने बेसिन धरते, पण पडत नाही. दादाचं तेवढं झालं नाही. बोलणं थोडं मोकळं झालं, मान कमी हलू लागली, पुठ्ठ्याची कडा साफ येऊ लागली. पाय मात्र आधाराशिवाय चालले नाहीत.

"सहा वर्षांपूर्वी सुरू केलं असतं तर?" त्याने डॉक्टरला विचारलं. भिंगरी शेजारीच बसली होती.

डॉक्टरने टाळाटाळ केली नाही. "बहुधा चालला असतात," तो म्हणाला.

दादाने तिला माफ केलं असं कधीच म्हटलं नाही. दर रविवारी तो जेवायला मात्र येऊ लागला. नवरा त्याला घेऊन यायचा, आणि सासू त्याच्यासमोर शेंगदाण्यांची वाटी ठेवून म्हणायची, "खा, नसांना चांगलं असतं," जणू हे तिनेच शोधून काढलंय. भिंगरीच्या बारीकसारीक गोष्टींवरून तो भांडायचा. भाजीत तेल कमी. खिडकी उघडी का. ती ऐकून घ्यायची आणि खिडकी लावायची.

पण तिला चैन नव्हतं. एका दुपारी कारखान्यातून लवकर सुटून ती पाट्यांच्या त्या मालकाकडे गेली. तो आता म्हातारा झाला होता. रंगाच्या डब्यांमध्ये बसून पेपर वाचत होता. तिने उभ्या उभ्याच सांगितलं: शिडीवरून पडलेला तो पाट्यावाला आजारी होता. प्यालेला नव्हता. आजाराचं नाव हे, दवाखान्याचा कागद हा.

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. "कुठला पाट्यावाला?"

"औषधाच्या दुकानासमोर पडला होता तो. तुम्ही चारचौघांत म्हणालात, पिऊन चढतो."

त्याने खूप प्रयत्न केला. खरंच केला, तिला दिसत होतं. "माझ्याकडचे बरेच पडलेत हो," तो शेवटी म्हणाला. "मला काही आठवत नाही. बरा आहे ना आता?"

हे दादाला सांगू नये असं तिने वाटेत ठरवलं. रविवारी तो जेवायला बसला आणि तिने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं.

दादाचा घास हातातच राहिला. "काय म्हणाला?"

"आठवत नाही म्हणाला. तू कोण तेही आठवेना."

नवऱ्याने भिंगरीकडे पाहिलं, सासूने पाण्याचा पेला उगाच पुढे सरकवला. मग दादाच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि तिला वाटलं पुन्हा रडतोय, पण तो हसत होता.

"मी त्याच्याशी रोज भांडतो," तो म्हणाला. "सकाळी उठलो की सुरू. काय एकेक उत्तरं देतो मी त्याला! मनातल्या मनात सहा वर्षं. आणि त्या माणसाला आठवतसुद्धा नाही." त्याने डोळे पुसले. "आता मी भांडू कोणाशी?"

"माझ्याशी भांड," भिंगरी म्हणाली.

"तुझ्याशी तर भांडणारच आहे. ते काही एवढ्यात संपत नाही." त्याने घास तोंडात घातला, चावला आणि मालवलेल्या शेगडीकडे बघत कपाळाला आठ्या घातल्या. "तेल अजून कमीच पडलंय."

ती तेलाची बाटली आणायला उठली.